पहिल्या वेळी हात जुन्याच गेमचे असतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ब्लडबोर्न’, ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हे तीन नावाजलेले गेम प्रत्येकी तीन-चार तास खेळून सोडून दिले, आणि आता मित्र म्हणतात की पुन्हा एकदा खेळून बघ. दुसऱ्या खेपेला गेम खरोखर आवडू लागतो, की ती मनाची घातलेली समजूत असते? आणि खरोखर आवडत असेल, तर कोणत्या गेमला दुसरी संधी द्यावी आणि कशी द्यावी?

माझे काम गेमच्या चाचण्या घेण्याचे आहे. गेम बाजारात येण्यापूर्वी तो नवख्या खेळाडूच्या हाती द्यायचा, त्याच्या मागे बसून तोंडातून एक शब्दही न काढता पाहत राहायचे, आणि तो कुठे अडखळला, कुठे कंटाळला, कुठे चिडला याची टिपणे काढायची, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. बरीच वर्षे हे केल्यावर माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या खेपेला गेम आवडणे ही मनाची समजूत नसते. बहुतेक वेळा पहिल्या खेपेला आपण तो गेम खेळलेलोच नसतो. पडद्यावर नवा गेम असतो, पण बोटे आणि अपेक्षा दोन्ही आधीच्या गेममधल्या असतात, आणि त्या दोघांचे जमले नाही की आपण दोष पडद्यावरच्या गेमला देतो.

‘ब्लडबोर्न’मध्ये हे अगदी बटणाच्या पातळीवर दाखवता येते. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा ‘डार्क सोल्स’ २०११ साली आला. त्यात कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावरचे एल-१ बटण धरून ठेवले की ढाल वर होते. शत्रूचा वार ढालीवर घ्यायचा, एक वार करायचा, पुन्हा ढाल धरायची. पन्नास-साठ तासांत हे बोटांत इतके मुरते की त्यासाठी विचार करावा लागत नाही. त्याच कंपनीचा ‘ब्लडबोर्न’ २०१५ साली आला. वातावरण तसेच उदास, मेल्यावर कमाई जागच्या जागी राहणेही तसेच. पण इथे एल-१ दाबल्यावर ढाल येत नाही, हातातले शस्त्र आपला आकार बदलते. ‘डार्क सोल्स’ दोनदा पुरा केलेल्या एका खेळाडूला मी यारनम या त्या गेममधल्या शहराच्या पहिल्या रस्त्यावर खेळताना पाहिले आहे. पेटलेल्या ढिगाभोवतीचा जमाव अंगावर आला, त्याचे डावे बोट आपसूक एल-१ वर गेले, करवत खटकन उघडून लांब झाली, आणि ती उघडत असतानाच दोन कुऱ्हाडी त्याच्या अंगात उतरल्या. तो पुन्हा आला, पुन्हा तेच झाले. पाचव्या वेळी तो म्हणाला की या गेममध्ये बटणे नीट लागत नाहीत. बटणे अगदी नीट लागत होती. तो एका गेमची बटणे दुसऱ्या गेममध्ये दाबत होता.

या गेमच्या रचनाकारांना ही सवय माहीत होती, असे मला वाटते, कारण मूळ गेममध्ये सापडणाऱ्या एकुलत्या एक लाकडी ढालीच्या वर्णनातच ढालीमुळे माणूस बचाव करत बसतो, असा टोमणा मारलेला आहे. गेमचा सगळा हिशेब उलटा आहे. वार लागला की गेलेले आयुष्य काही क्षण पट्टीवर वेगळ्या रंगात दिसत राहते आणि तेवढ्या वेळात उलट वार केला तर त्यातले बरेचसे परत मिळते. म्हणजे जखमी झाल्यावर मागे हटणारा खेळाडू आपल्या हाताने ते आयुष्य सोडून देत असतो. दुसऱ्या खेपेला एवढीच एक गोष्ट बदलून बघावी: वार लागला की एक पाऊल पुढे, शत्रूच्या बगलेत. याशिवाय एक साधी माहिती, जी गेम धडपणे सांगत नाही. ‘इनसाइट’ नावाची गोष्ट एक तरी मिळेपर्यंत लढायांच्या मधे तुम्ही ज्या ठाण्यावर परतता तिथली बाहुली जागी होत नाही, आणि ती जागी होईपर्यंत लेव्हल, म्हणजे पात्राची ताकद, वाढवता येत नाही. बहुतेकांना ती पहिल्या बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या बलाढ्य शत्रूसमोर, गेल्यावर मिळते, तिथे हरलात तरी मिळते. त्यामुळे जमावापाशी तासन्‌तास झुंजत बसण्याऐवजी मोठ्या पुलावर जाऊन त्या बॉसला एकदा तोंड दाखवून यावे, मेलात तरी हरकत नाही.

गंमत म्हणजे ‘ब्लडबोर्न’मध्ये पक्की केलेली सवय त्याच कंपनीच्या, २०१९ साली आलेल्या ‘सेकिरो’त पुन्हा नडते. तिथे एल-१ परत बचावाकडे येते, पण ढालीसारखे धरून ठेवण्यासाठी नाही. शत्रूची तलवार आपल्या तलवारीला भिडण्याच्या नेमक्या क्षणी ते दाबायचे असते. प्रत्येक नेमक्या टोल्याने शत्रूचा तोल ढळत जातो, आणि तोल पुरता ढळला की एका घावात तो संपतो. मागच्या गेममध्ये उड्या मारून वार चुकवायला शिकलेला खेळाडू इथेही दूर उडी मारतो, आणि त्या अवधीत शत्रू आपला तोल सावरून घेतो. मी स्वतः हा गेम पहिल्यांदा आशिना किल्ल्यावर गेनिचिरो या बॉससमोर सोडून दिला होता. काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला तेव्हा पडक्या देवळाबाहेर उभ्या असलेल्या हानबेई या न मरणाऱ्या माणसासमोर दोन संध्याकाळी केवळ टोले परतवत बसलो. तो सरावासाठीच तिथे ठेवलेला आहे, आणि पहिल्या खेपेला मी त्याच्याशी दोन वाक्ये बोलून पुढे निघून गेलो होतो. गेनिचिरो तोच होता आणि माझे वय थोडे वाढलेलेच होते, तरी लढाई वेगळी झाली. कानाने खेळायचा गेम मी तोवर डोळ्यांनी खेळत होतो, असे म्हणता येईल.

कधी सवय बोटांत नसून रस्ता निवडण्यात असते. ‘डार्क सोल्स’मधल्या फायरलिंक श्राइन या मुख्य ठाण्यापासून सुरुवातीलाच तीन वाटा दिसतात. एक स्मशानाकडे जाते, एक खाली बुडालेल्या न्यू लोंडोकडे आणि एक वर अनडेड बर्गकडे. स्मशानातले सांगाडे नवख्याला दोन-तीन वारांत आडवे करतात, न्यू लोंडोतल्या भुतांना तर शाप अंगावर असल्याशिवाय साधे शस्त्र लागतच नाही, आणि तरी कितीतरी खेळाडू याच दोन वाटांवर डोके आपटून गेम सोडतात, कारण इतर गेमनी त्यांना शिकवलेले असते की समोर दिसणारा पहिला शत्रू आपल्या आवाक्यातला असणारच. इथे ‘जमत नाही’ याचा अर्थ ‘इकडे आत्ता नको’ असा आहे. हे कोणीतरी एका वाक्यात सांगितले असते तर अनेकांची पहिली खेप वाया गेली नसती. ते न सांगणे ही मी रचनेतली उणीव मानतो, कितीही चाहते रागावले तरी.

‘आउटर वाइल्ड्स’ची अडचण निराळी आहे. मोबियस डिजिटलचा हा गेम २०१९ साली आला. त्यात एक छोटी सूर्यमाला आहे, आणि २२ मिनिटांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शस्त्र नाही, पैसा नाही, लेव्हल नाही, यानात बसवायचा नवा भाग नाही. सुरुवातीला जे यान मिळते तेच शेवटपर्यंत. चक्र पूर्ण झाल्यावर उरते ते केवळ तुम्हाला कळलेले, आणि यानातल्या संगणकावर नोंदलेले. आता इतर गेममधून आलेला खेळाडू काय करतो? तो यादी शोधतो: आता कुठे जायचे, काय आणायचे, किती झाले. यादी मिळत नाही, २२ मिनिटांनी ‘सगळे गेले’ असे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या चक्रात तो कंटाळतो. गेलेले मात्र काहीच नसते. दुसऱ्या खेपेला बसताना एवढे करावे, की प्रत्येक चक्राच्या आधी यानातली ती नोंद उघडावी आणि त्यातला एकच प्रश्न घेऊन निघावे. ‘हा गेम संपवायचा कसा’ हा प्रश्न नको. ‘त्या चंद्रावर जायचा रस्ता कोणाला ठाऊक होता’ अशा जातीचा प्रश्न हवा.

यान चालवण्यातही जुने हात आडवे येतात. गाडीच्या गेममध्ये बटण सोडले की गाडी हळू होते. इथे अंतराळात बटण सोडले तरी यान त्याच वेगाने जात राहते, आणि मग ग्रहावर उतरण्याऐवजी ते ग्रहावर आदळते. समोरच्या वस्तूशी आपला वेग जुळवून घेण्याचे एक बटण आहे, ते लवकर सापडले तर निम्मा त्रास संपतो. ऑटोपायलटवर डोळे मिटून विसंबू नये. वाटेत सूर्य आला तर तो सूर्यातूनच नेतो. आणि एक कळकळीची विनंती: या गेमची मार्गदर्शिका किंवा व्हिडिओ पाहून दुसरी खेप सुरू करू नका. जाणून घेणे हाच इथला सगळा खेळ आहे. एकदा उत्तर कळले की तो खेळ पुन्हा कधीही खेळता येत नाही.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) सोडणाऱ्यांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. ते रॉकस्टार या त्याच कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ खेळून आलेले असतात, जिथे गाडी चोरली की दुसऱ्या क्षणी भरधाव निघता येते. इथे पहिले प्रकरण बर्फात, डोंगरात, पायाखाली गुडघाभर हिम घेऊन सुरू होते, आणि माणूस कपाटाचा खणसुद्धा उघडताना हात घालून एकेक वस्तू बाहेर काढतो. बटणांचाही एक घोळ आहे. समोरच्या माणसाशी बोलण्यासाठी एल-२ धरायचे असते, पण हातात बंदूक असेल तर तेच बटण नेम धरते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला नमस्कार करायला गेलेल्या खेळाडूने त्याच्यावर बंदूक रोखली, माणूस ओरडत पळाला, आणि पाच मिनिटांत मागे शिपाई लागले, हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याचे हसूही येत नाही. आधी बंदूक म्यान करायची आणि मग बोलायचे, हे बोटांना शिकवायला एक संध्याकाळ पुरते. पण मूळ गोष्ट वेगाची आहे. बर्फ संपून दुसऱ्या प्रकरणात टोळीचा तळ हॉर्सशू ओव्हरलुकला पडतो, तिथून पुढे हा गेम खरा सुरू होतो. तिथेही नकाशावरच्या पिवळ्या खुणा एकामागून एक उरकत गेलात तर तो पुन्हा संथ वाटेल. तळावर फिरा, लोक आपसांत काय बोलतात ते ऐका, घोडा मंद चालीने न्या. हे ज्याला नकोसे वाटते त्याच्यात काही उणे नाही. फक्त हा गेम त्याच्यासाठी नाही.

आता काही गेम असे असतात की दुसऱ्या खेपेला खेळाडू तोच असतो आणि गेमच बदललेला असतो. त्यांना या चर्चेत वेगळे ठेवावे. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ साली आला तेव्हा लोकांची घोर निराशा झाली. २०१८ सालच्या ‘नेक्स्ट’ अपडेटनंतर तो अनेकांनी मिळून खेळायचा, हवी तिथे घरे बांधायचा, जवळजवळ दुसराच गेम झाला. ‘फायनल फँटसी १४’ तर २०१० साली इतका फसला की २०१२ साली तो बंद केला गेला आणि नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली नव्याने बांधून २०१३ साली पुन्हा आणला गेला. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, आणि काही दिवसांतच प्लेस्टेशनच्या दुकानातून तो काही महिन्यांसाठी काढून घेतला गेला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने त्यातली कौशल्यांची रचना मुळापासून बदलली, आणि चिलखताची जबाबदारी कपड्यांवरून काढून शरीरात बसवलेल्या यंत्रांवर टाकली. अशा गेममध्ये जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला अर्धवट खेळ, उघडू नये. जुन्या नियमांनी घडवलेले पात्र नव्या नियमांत अवघडून उभे राहते, आणि दुसरी खेपही फुकट जाते. ‘विचर ३’सारख्या गेममध्ये बदल लहान पण मोलाचा होता: २०१५ सालीच एका पॅचने, म्हणजे छोट्या अपडेटने, गेराल्ट या नायकाच्या चालण्या-वळण्याचा दुसरा, चपळ पर्याय सेटिंगमध्ये दिला. दरवाजातून नीट आत जाता येईना म्हणून गेम सोडलेल्या माणसांना तेवढ्याने परत आणले आहे.

आणखी एक कारण मला उशिरा समजले, आणि ते सांगायला थोडी लाज वाटते. नेमक्या क्षणी बटण दाबण्याचा एक गेम मी ‘आता माझी चपळाई गेली’ असे म्हणून सोडला होता. पुढे तोच गेम मॉनिटरवर खेळलो आणि पहिल्या अर्ध्या तासात जमला. दोष टीव्हीवरच्या चित्रसुधाराच्या सेटिंगचा होता. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या गेममध्ये एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात १०० मिलिसेकंद खात असेल, तर तुम्ही जे पाहता ते सहा चौकटी शिळे असते. टीव्हीवर ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करावा. तसेच कॅमेरा फिरवताना मळमळत असेल तर हालचालीत चित्र धूसर करणारा ‘मोशन ब्लर’ बंद करावा आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, वाढवून पाहावे. ‘गेम आवडला नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात मळमळत होते, पण दोन्हीतला फरक त्यांच्या लक्षात आला नव्हता.

काठिण्य कमी करण्याविषयीही कोणी संकोच बाळगू नये. ‘हेडीस’मध्ये ‘गॉड मोड’ चालू केला की सुरुवातीला २० टक्के इजा कमी होते, आणि प्रत्येक मरणानंतर त्यात २ टक्क्यांची भर पडत ती ८० टक्क्यांपर्यंत जाते. ‘सेलेस्ट’मध्ये गेमचा वेग १०० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. हे पर्याय रचनाकारांनीच दिलेले आहेत. त्यांची मदत घेऊन दुसऱ्या खेपेला गेमची ओळख होते, आणि मग पुष्कळ जण आपणहून ती मदत बंद करतात.

‘तीस तास खेळलास की मग मजा येते’ असे सांगणाऱ्या मित्राचे मात्र मी ऐकत नाही. तीस तासांनी आलेली गोडी खरीही असू शकते, पण तीस तास घालवल्यामुळे ते वाया गेले असे म्हणवत नाही, ही शक्यता त्याहून मोठी असते. कंपन्यांनाही हे कळते: ‘फायनल फँटसी १४’च्या सुरुवातीच्या कथेतली लांबण २०२० साली ५.३ पॅचमध्ये कापण्यात आली. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो, त्यामुळे दोन तासांत निकाल लावण्याची सवयही अनेकांना लागली आहे. वरच्यासारख्या गेमसाठी दोन तास कमीच पडतात, पण दुसऱ्या खेपेसाठी माझा स्वतःचा नियम चार तासांचा आहे, तेही सलग एका आठवड्यात. महिनाभर अधूनमधून वीस-वीस मिनिटे खेळून झालेले चार तास मी धरत नाही, कारण त्यात दर वेळी बटणे नव्याने आठवावी लागतात.

दुसरी संधी द्यावी की नाही, हे ठरवण्याची माझी कसोटी अशी आहे. तो गेम का सोडला, हे एका वाक्यात सांगून बघा. ‘मला सारखे मरावे लागत होते’, ‘काय करायचे ते कळत नव्हते’, ‘फार हळू चालतो’ ही वाक्ये असतील तर संधी द्यावी. ही तक्रार सवयीची, माहितीची किंवा वेळेची आहे आणि ती दूर होऊ शकते. ‘काय करायचे ते कळत होते, जमतही होते, आणि तरी ते करावेसे वाटत नव्हते’ असे वाक्य निघाले, तर तो गेम कितीही नावाजलेला असला तरी ठेवून द्यावा. आणि रक्तपात किंवा विषयच मनाला नकोसा असेल, तर चौथ्या खेपेलाही त्यात बदल होत नाही. मीही एक गेम केवळ सगळे वाखाणतात म्हणून तीन वेळा सुरू केला आणि तीनही वेळा त्याच पुलापाशी सोडला; चौथ्यांदा मी तो डिस्कवरूनच काढून टाकला.

तुमच्या तीन गेमपैकी ‘आउटर वाइल्ड्स’ आधी घ्या, कारण तो सगळ्यांत लहान आहे आणि त्यातली तुमची चूक मोठी नव्हती. जुनाच सेव्ह चालेल. यानात शिरून नोंद उघडा, त्यात अर्धवट राहिलेल्या गोष्टींवर खूण असते, तिथूनच निघा. ‘ब्लडबोर्न’ मात्र नव्याने सुरू करा, आणि पहिली संध्याकाळ एल-१ ला हात न लावता काढा. ‘रेड डेड’साठी सुट्टीचे सलग दोन-तीन दिवस हाताशी येईपर्यंत थांबलात तरी चालेल, रात्री झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात तो बर्फ काही केल्या वितळत नाही.